झाकणाचा खटका

आमच्या घरच्या फूड प्रोसेसरची गोष्ट मी आतापर्यंत बऱ्याच जणांना सांगितली आहे, आणि दर वेळी ती दुकानातच संपवली. दुकानापर्यंत ती गमतीची आहे. लोक हसतात, मी चहाचा कप खाली ठेवतो, विषय बदलतो. पुढचं सांगायला लागलो की माझी मान आपोआप खाली जाते. या वेळी मान खाली घालूनच, पण पुढचंही सांगतो.

मी रायपूरजवळच्या एका मोठ्या प्लांटात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. वडील भंडाऱ्याकडची धानाची शेती भावावर सोडून इथं आले, प्लांटात लागले, आणि त्यांच्यामागे मीही. जन्म प्लांटच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये, नोकरीही त्याच सेक्टरमधून. सायकलची स्कूटर झाली, रस्ता तोच राहिला. घरात आम्ही तिघं. मी, बायको आणि कॉलेजात जाणारी मुलगी. मुलगी मराठी फक्त आईशी भांडण्यापुरती वापरते, बाकी सगळं हिंदीत.

आमच्या नातलगांत माझ्या बायकोचं नाव आहे ते वडाभातासाठी. चार डाळी भिजवून जाडसर वाटायच्या, त्यांचे वडे तळायचे, ते गरम भातावर कुस्करायचे आणि वरून हिंगाची फोडणी दिलेलं तेल ओतायचं. ऐकायला सोपं आहे. पण सगळा जीव त्या जाडसर वाटण्यात असतो. त्याला आम्ही भरडा म्हणतो. भरडा बारीक झाला की वड्याचं भजं होतं, जाड राहिला की वडा तेलात फुटतो. बायको पाट्यावर वाटायची आणि मधूनमधून चिमूटभर डाळ अंगठा आणि पहिल्या बोटात धरून चोळून पाहायची. बोट म्हणेल तिथं थांबायची. मी विचारलं होतं एकदा, "तुले कसं कळते वं?" तर म्हणाली, "तुमाले टेस्टर लावल्यावर कळते ना, तसं."

मग तिचा खांदा धरला. डॉक्टरांनी पाटा बंद करायला सांगितला, कणिक मळणंही कमी करा म्हणाले. घरात फूड प्रोसेसर घ्यायचं ठरलं, आणि ते ठरल्याबरोबर मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. तीस वर्षं मोटरींमध्ये काढलेल्या माणसाच्या घरात मोटर येणार होती. मी प्लांटातल्या दोघातिघांना विचारलं, कागदावर यादी केली. मोटरची ताकद किती, वाइंडिंग कशाचं, ओव्हरलोड झाल्यावर आपोआप बंद होते का, सलग किती मिनिटं चालवता येते. बायकोला म्हटलं, "तुले काही विचाराचं असन तं सांग, लिहून घेतो."

"भांडं धुवाले सोपं पाहिजे," ती म्हणाली.

ते मी लिहिलं नाही. टेक्निकल वाटलं नाही.

दुकानात गेलो तेव्हा मुलगीही सोबत होती. मी यादी काढली. "वाइंडिंग तांबे का है या ॲल्युमिनियम का?"

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं, यादीकडे पाहिलं. "भैया, रसोई की मशीन है. ट्रान्सफॉर्मर नहीं है."

मुलगी तोंडावर हात धरून हसली. मी पुढचा प्रश्न विचारला, त्याच्या पुढचा विचारला. तेवढ्या वेळात बायकोनं काउंटरवरच्या तीन मशिनींच्या भांड्यांत एकेक करून हात घालून पाहिला होता, तळापर्यंत पोचतो का, कडेला लागलेलं काढता येतं का. सगळ्यात रुंद तोंडाचं भांडं तिनं पुढे सरकवलं. "हे." माझी यादी अजून अर्धी उरली होती. घेतलं तेच. प्लांटात मात्र मी सांगितलं की मी निवडलं.

त्या दुकानात मला आवडलेली गोष्ट एकच, झाकण. झाकण फिरवून नीट बसवलं की टक् असा आवाज व्हायचा, आणि तो झाल्याशिवाय मोटर चालूच व्हायची नाही. दुकानदारानं झाकण काढून बटण फिरवून दाखवलं. मशीन गप्प. मी खूश. "याला इंटरलॉक म्हणतात," मी मुलीला आणि दुकानातल्या इतर गिऱ्हाइकांना सांगायला लागलो. "प्लांटात बेल्टचं गार्ड उघडलं की बेल्ट थांबतो. माणसाचा हात आत असेल तर मशीन फिरता कामा नये, हा पहिला नियम." बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की दुकानदार कधीचाच दुसऱ्या गिऱ्हाइकाला कुकर दाखवतो आहे.

एवढी ती गमतीची गोष्ट. इथं मी थांबायचो.

मशीन घरी आलं. उद्घाटन अर्थातच मी केलं. कांदे टाकले, बटण फिरवलं, आवाज ऐकत उभा राहिलो. आवाज सुंदर होता. कांद्याचं पाणी झालं. "मम्मी, देखो, पापा ने प्याज का शरबत बनाया है," मुलगी ओरडली. दुसऱ्या दिवशी बायकोनं मला स्वयंपाकघराच्या बाहेर काढलं आणि स्वतः मशीनशी ओळख करून घेतली. आठवडाभरात तिला त्याची चाल कळली. भरडा करायचा असेल तर सलग चालवायचं नाही. बटण उलटं फिरवून तीन झटके द्यायचे, थांबायचं, झाकण काढायचं, कडेला चिकटलेली डाळ बोटानं खाली ढकलायची, चिमूट चोळून पाहायची, पुन्हा तीन झटके. चमचा ती वापरायची नाही. "चमच्याले काय कळते?" म्हणायची. पहिल्यांदा त्या भरड्याचा वडाभात खाल्ला तेव्हा मी म्हटलं, पाट्यासारखाच झाला. ती म्हणाली, "पाट्यापेक्षा बरा झाला. खांदा दुखला नाही." पाटा मागच्या अंगणात गेला. त्यावर आता गुलाबाची कुंडी आहे.

त्याच दिवसांत कधीतरी तिला मी फ्यूजची गोष्ट सांगितली होती. आमचे जुने लोक मशीनवर चढायच्या आधी त्या मशीनचा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकायचे. मशीनवर मी आहे तोवर फ्यूज माझ्या खिशात, मग कोणी बटण दाबलं तरी काही होत नाही. आता त्याऐवजी कुलूप आणि लाल टॅग असतो, पण कल्पना तीच. तिनं लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं, "मंग मी बी भांड्यात हात घालतानी प्लग काढत जाऊ का?"

"कायले?" मी म्हटलं. "झाकन निघालं का ते चालूच होत नाई. तो खटका तुह्यासाठीच आहे."

हे मीच म्हणालो होतो. अगदी याच शब्दांत.

वर्षभर मशीन उत्तम चाललं. मग एकदा झाकणाच्या खाचेत बेसन वाळून बसलं आणि झाकण निघेना. बायको म्हणाली, गरम पाण्यात ठेवते, सुटेल. मला तेवढा दम नव्हता. मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं दोन टोले दिले. झाकण निघालं आणि त्याचा तो बारीकसा दांडाही निघाला, जो आतला खटका दाबायचा. आता झाकण भांड्यावर बसायचं, पण टक् व्हायचं नाही, आणि मशीन चालायचं नाही. दुकानात गेलो. "ढक्कन रायपूर से आएगा, पंद्रह दिन. जल्दी है तो खुद जाकर ले आओ." रायपूर म्हणजे कुम्हारीच्या पुढं, तासाभराचा रस्ता. मला मध्ये एक सुट्टी होती. ऊन होतं, हायवेवर ट्रक असतात. मी म्हटलं, पाहू.

तेवढ्यात अक्का येणार असल्याचा फोन आला. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण, गोंदियाला असते. आई गेल्यापासून आमच्या क्वार्टरचा कारभार ती गोंदियाहून फोनवर चालवते. माया मोठी, तोंड त्याहून मोठं. मशीन घेतल्याचं कळलं तेव्हा ती बायकोला म्हणाली होती, "बाप्पा! आता पोळ्या कोन करते, तू का मशीन?" ती रविवारी सकाळी येणार होती आणि येण्याआधीच तिनं सांगून ठेवलं होतं की वडाभात खाईन.

शनिवारी बायको पाटा धुवायला निघाली, तर मी तिला थांबवलं. मशीन उलटं केलं, खालचे चार स्क्रू काढले. आत खटक्याच्या दोन वायरी होत्या. त्या दोन्हींना तारेचा एक छोटा तुकडा जोडला. आमच्याकडं याला जम्पर म्हणतात. प्लांटात कुठल्याही सेफ्टीला जम्पर लावणं म्हणजे चार्जशीट, आणि मी स्वतः नव्या पोरांना दर महिन्याला हे शिकवतो. पण ते प्लांट. हे माझं घर. घरात मला कोण पकडणार?

बायको दारात उभी राहून पाहत होती. "आता झाकन नसतानी बी चालू होईन का हे?"

"होईन. बटन शून्यावर ठेवजो, मंग हात घालजो. बस."

"मले भेव वाटते."

"अवं, मी आहो ना," मी म्हटलं.

रविवारी अक्का आली. मुलगी मैत्रिणीकडे गेली होती. चहा झाला, प्रवासाचं गाऱ्हाणं झालं. अक्का मागच्या अंगणात पाटी घेऊन सांबार तोडायला बसली. सांबार म्हणजे आमची कोथिंबीर. स्वयंपाकघराचं दार अंगणात उघडतं. बायकोनं मशीनमध्ये डाळ टाकली, आवाज झाला, आणि अंगणातून अक्का बोललीच, "यंत्रातला भरडा? मंग मी कढीभातच खाईन, बाप्पा. भरडा तं पाट्यावरचाच."

बायकोनं आपलं काम चालू ठेवलं. तीन झटके, थांबली, झाकण काढलं, बटण शून्यावर, हात आत. सगळं मी सांगितलं तसं. मी ओट्यापाशी उभा होतो. अक्काचं बोलणं मला लागलं. बायकोच्या वतीनं लागलं असं मी तेव्हा समजलो, पण खरं म्हणजे माझ्या मशीनला कोणी नाव ठेवलं म्हणून लागलं. मी तोंड अंगणाकडे केलं आणि ओरडलो, "अक्का, आयक तं खरं! पाट्यावर एक घंटा, इथं दोन मिनिटं!" आणि ओरडतानाच, न पाहता, हात मागे नेऊन बटण फिरवलं.

मशीन गप्प राहिलं नाही. खटका मी काढला होता.

तिनं "मांय वं" म्हणून हात ओढला. मी बटण बंद केलं तोवर जे व्हायचं ते झालं होतं. उजव्या हाताची दोन बोटं, पहिलं आणि मधलं. तिनं पदर गुंडाळला आणि ओट्याला टेकून खाली बसली. अक्का सांबाराची जुडी हातात घेऊनच धावत आली. "का झालं? का झालं वं?"

मी तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगू शकतो. पण माझ्याआधी बायको बोलली. "विळी लागली, अक्काबाई."

विळी कोपऱ्यात होती. आडवी ठेवलेली, धुतलेली, कोरडी. जवळ एक अख्खं वांगं. अक्कानं तिकडे पाहिलंही नाही. "ध्यान कुठं असते तुमचं? विळीवर बसल्यावर दुसरीकडं पायता कायले?" असं म्हणत ती बायकोला उठवायला लागली. मला म्हणाली, "बापू, गाडी काढ."

गाडी काढायच्या आधी मी एक काम केलं. या सगळ्या गोष्टीत मला सगळ्यात जास्त लाज याच कामाची आहे. बायको दाराशी बसून एका हातानं चप्पल घालत होती, आणि मी मशीनचं भांडं उचललं, डाळ फेकली आणि भांडं नळाखाली धुतलं. नीट धुतलं. पातंही धुतलं. मग गाडीची चावी घेतली.

प्लांटच्या हॉस्पिटलमध्ये ड्रेसिंग करणारा म्हातारा होता. तीस-चाळीस वर्षं प्लांटातल्या जखमा बांधलेला माणूस. त्यानं पदर सोडवला, बोटं पाहिली. "कैसे लगा?"

"विळी से," बायको म्हणाली.

"विळी एक उंगली काटती है, बेटा. ये दोनों पर एक ही लाइन में है. ये घूमने वाली चीज का है." असं म्हणून त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माझ्या गळ्यात प्लांटाचा पास लटकत होता, हॉस्पिटलात दाखवावा लागतो म्हणून घातलेला. बायको पुन्हा म्हणाली, "विळीच आहे, भैया." त्यानं पुढे विचारलं नाही. टाके पडले. डॉक्टर म्हणाले, बोटं वाचली, पण पहिल्या बोटाच्या टोकाची संवेदना परत येईल का, ते आताच सांगता येत नाही.

घरी आल्यावर, अक्का देवापाशी दिवा लावत होती तेव्हा, मी बायकोला हळूच विचारलं, "तू कावून असं सांगतलं?"

"मंग का सांगू? अक्काबाईसमोर तुमचं तोंड कसं झालं असतं?"

"मी सांगतो तिले."

"सांगा," ती म्हणाली.

ती "सांगा" म्हणाली. "राहू द्या" म्हणाली नाही. हे मी पुढे मोठ्या सोयीनं विसरलो.

अक्का आठ दिवस राहिली. बायकोची वेणी घालून दिली, तिला घास भरवले, आणि दर संध्याकाळी फोन घेऊन बसली. भंडारा, तुमसर, नागपूर, सगळीकडे बातमी गेली. "माही भावजय विळीवर बसते अन् टीव्हीकडं पायते. मी तवाच म्हटलं होतं." आणि त्याच्याच पुढे, "पन आमचा बापू भला आहे हो! बायकोचं रगत वाहून राहिलं, तरी जाता जाता भांडं घासून गेला. कोन नवरा करते?" हे मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचता वाचता ऐकलं. पेपर उलटा नव्हता, एवढंच.

अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी मी ड्युटीवर गेलो होतो. आमच्याकडे शिफ्टच्या सुरुवातीला सगळे रांगेत उभे राहून सुरक्षेची शपथ घेतात. माझा आवाज मोठा म्हणून ती वाचायला मला पुढे उभं करतात. मी वाचली. सगळ्यांनी माझ्यामागे म्हटली. हाताला काय झालं वहिनींच्या, असं कोणीतरी विचारलं, मी म्हटलं विळी. आमचे साहेब भले माणूस. त्यांनी त्या दिवशीच्या बोलण्यात तेच घेतलं. "दुर्घटना सिर्फ प्लांट में नहीं होती. अभी इनके घर में देखो, भाभीजी का ध्यान जरा-सा हटा..." चाळीस माणसं माझ्याकडे सहानुभूतीनं पाहत होती. शपथेचा कागद माझ्या हातात होता. मी मान हलवली. होकारार्थी.

मशीन मी कपाटावर ठेवून दिलं. आत जम्पर तसाच.

सात महिने गेले. टाके भरले, बोटं वाकायला लागली. पहिल्या बोटाचं टोक मात्र गेलं ते गेलंच. दिसायला जागेवर, पण कळत काही नाही. गरम वाटीला हात लागला तरी तिला वास आल्यावर कळायचं. वडाभात घरात कोणी मागितला नाही, तिनंही केला नाही.

मग अक्काच्या मुलाचा साखरपुडा ठरला. आम्ही तिघं गोंदियाला गेलो. आदल्या दिवशी अक्काच्या मागच्या खोलीत दहा-बारा बाया बसल्या होत्या. कोणी पाट्यावर भरडा वाटत होतं, कोणी मसाला निवडत होतं. व्याह्यांना वडाभात खाऊ घालायचा होता. मी आणि भाटवे, म्हणजे अक्काचे मालक, दारापाशी खुर्च्या टाकून बसलो होतो. बायकोनं विळी ओढली आणि वांगी चिरायला बसली. अक्कानं लगबगीनं येऊन विळी तिच्यासमोरून उचलली.

"नको वं बाप्पा! हिले विळी देऊ नका, बोट कापून घेते. उद्या सोयरे आहेत, वांग्यात बोट निघालं तं काय सांगू मी? तू आपला सांबार तोड, बाई."

सगळ्या हसल्या. मस्करीच होती, घरच्यासारखी. आणि मीही हसलो. तोंडातून बाहेर पडलं ते हसू, मी पाडलं नाही असं म्हणावंसं वाटतं, पण पडलं ते माझ्याच तोंडातून. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. नुसतं पाहिलं, आणि सांबाराची जुडी घेतली.

थोड्या वेळानं पाट्यावरची बाई म्हणाली, "वहिनी, पाहा बरं, झाला का भरडा? तुमच्यासारखं कोनाले कळत नाही." बायको उठून तिथे गेली. चिमूटभर डाळ घेतली, उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि पहिल्या बोटात धरली, चोळली. थांबली. पुन्हा चोळली. मग कोणाच्या लक्षात येऊ नये अशा बेतानं ती डाळ डाव्या हातात घेतली आणि डाव्यानं चोळली. "अजून थोडा," ती म्हणाली. पण आवाजात ती खात्री नव्हती, जी माझ्या टेस्टरला असते.

मी उभा राहिलो. "अक्का, विळी नव्हती ते."

"का म्हटलं?"

"विळी नव्हती. मशीन होतं. झाकनाचा खटका मीच काढला होता, अन् बटन मीच फिरवलं. हिचा हात आत होता. मी पायलं नाही."

पाटा थांबला. सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. अक्का विळी हातात धरून तशीच उभी. मग तिनं एकच विचारलं, "मंग ते भांडं?"

"तेच धुतलं," मी म्हटलं.

अक्का खाली बसली. तिला भांड्यावरून सगळं कळलं. मुलगी दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि आत निघून गेली.

आता मला वाटलं होतं की अक्का मला शिव्या घालेल. मी तयार होतो, खरं म्हणजे वाटच पाहत होतो. पण भाटवे उठले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "गडी मोठ्या मनाचा आहे. एवढ्या लोकांत कोन कबूल करते?" पाट्यावरची बाई म्हणाली, "हाव ना. आमचे तं मेले तरी सांगनार नाही." कोणीतरी डोळे पुसले. पाच मिनिटांत मी मोठा माणूस झालो. अक्कानं स्वतः माझ्यासाठी चहा आणला, आणि तिच्या आवाजात मी लहान असतानाची माया होती. बायकोशी कोणी काही बोललं नाही. ती सांबार तोडत होती.

परतीच्या गाडीत मुलगी वरच्या बर्थवर कानात वायर घालून पडली होती. डोंगरगड गेलं. मला वाटत होतं की बायको काहीतरी बरं बोलेल. निदान, झालं एकदाचं, एवढं तरी.

"सात महिने मी येडी होती," ती खिडकीकडे पाहत म्हणाली. "आज तुमी मोठे झाले. मी आपली येडीच राहिली. मले एकीनं तरी म्हटलं का, तुही चूक नव्हती म्हनून?"

मी पिशव्या उगाच सीटखाली सरकवल्या.

"अन् ते मशीन अजून तसंच आहे कपाटावर. उद्या पोरगी काढन तं?"

दुसऱ्या दिवशी मी रायपूरला गेलो. कुम्हारी मागे पडली, ट्रक होते, ऊन होतं, तासाभरात पोचलो. दुकानात काउंटरवरच्या मुलीनं नवं झाकण काढून दिलं. वेळ लागला तो पिशवी शोधायला. परत येताना सारखं मनात येत होतं की एवढंच होतं.

प्लांटातही सांगितलं, शपथेनंतर, सगळ्यांसमोर. तिथं कोणी मोठ्या मनाचा म्हणालं नाही. साहेबांनी शपथेचा कागद माझ्या हातातून घेतला. मागच्या रांगेतून एका नव्या पोरानं, ज्याला मीच शिकवलं होतं, हळू आवाजात विचारलं, "सर, आपने जम्पर लगाया था?" मी म्हटलं, हो. त्यानंतर शपथ दुसरा वाचतो. अक्कानं बायकोला फोन केला, "मले तरी सांगाचं होतं वं." बायको म्हणाली, "तुमी आयकलं असतं का, अक्काबाई?" मग दोघी अर्धा तास बोलल्या, दार लावून. काय बोलल्या, मला माहीत नाही.

पुढच्या रविवारी बायकोनं डाळ भिजवली. मशीन कपाटावरून मीच उतरवलं, तिच्यासमोर स्क्रू उघडून जम्पर काढला, तिला दाखवला, कचऱ्यात टाकला. नवं झाकण बसवलं. टक् झालं. मी झाकण काढून बटण फिरवून दाखवलं. मशीन गप्प. त्या दुकानदारासारखा मी तिच्याकडे पाहत उभा राहिलो.

तिनं तीन झटके दिले, थांबली, झाकण काढलं. मग हात भिंतीकडे नेला, प्लग ओढून काढला आणि वायर खांद्यावर टाकली, पदरासारखी. प्लग पुढे छातीवर लोंबत होता. मग डावा हात आत घातला आणि डाळ खाली ढकलली.

"खटका बसवला ना मी," मी म्हटलं.

"पायलं," ती म्हणाली. "तिकडं सरका जरा."

मी दारापर्यंत मागे गेलो आणि हात पाठीमागे धरून उभा राहिलो. तिनं डाव्या हाताची चिमूट चोळली, मान तिरपी केली, जराशानं पुन्हा चोळली. प्लग परत लावला, तीन झटके, पुन्हा काढला, पुन्हा खांद्यावर. प्रत्येक वेळी. मुलगी माझ्या बाजूनं आत गेली, आईजवळ उभी राहिली आणि चौथ्या वेळेला प्लग काढून तिनंच आईच्या खांद्यावर टाकला.